रॅटचं कॉर्टिकोस्टेरॉन मोजायचं इलायझा किट: कोल्हापुरात वापरलं, कसं वाटलं

रॅटच्या, म्हणजे लॅबमधल्या मोठ्या उंदराच्या, रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन हे स्ट्रेस हार्मोन मोजायचं हे किट चांगलं आहे, घ्यायला हरकत नाही, पाचपैकी चार स्टार. (इलायझा म्हणजे अँटिबॉडी वापरून रंगावरून मोजायची चाचणी.) कापलेला एक स्टार किटचा नाही, ते कोल्हापूरपर्यंत कसं पोचलं आणि नंतर कंपनीच्या माणसानं फोनवर काय काय ऐकवलं त्याचा आहे. कंपनीचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रार आहे आणि मला वाद घालायला वेळ नाही, थिसिस लिहायचाय. तसंही खाली जे लिहितेय त्यातलं बरंचसं कुठल्याही कंपनीच्या किटला लागू पडतं. कराड, सांगली, वारणानगर साइडच्या फार्मसी आणि झूलॉजीच्या पोरापोरींचे सारखे मेसेज येतात की ताई कुठलं किट घेऊ, किती सॅम्पल होतात, आमच्याकडं एसी नाही तर चालेल का, मग प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिलं काम, डब्यावर कॉर्टिकोस्टेरॉन लिहिलंय का बघा, कॉर्टिसॉल नव्हे. शाहूपुरीतल्या एका दुकानदारानं मला माणसाचं कॉर्टिसॉल किट गळ्यात मारायचा पुरेपूर प्रयत्न केला, "तेच की ओ मॅडम, स्ट्रेस हार्मोन म्हणजे स्ट्रेस हार्मोन, वर हे स्वस्त पण पडतंय." तेच नाही हो. माणसाच्या ॲड्रिनलमध्ये, म्हणजे किडनीवरच्या ग्रंथीत, १७-अल्फा-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम असतं म्हणून आपल्यात मुख्यतः कॉर्टिसॉल बनतं, रॅट आणि माईसच्या ॲड्रिनलमध्ये ते जवळजवळ नसतंच, त्यामुळं त्यांचं काम सगळं कॉर्टिकोस्टेरॉनवर चालतं. म्हणजे रॅटच्या सीरममध्ये कॉर्टिसॉल शोधणं म्हणजे पैसे पंचगंगेत सोडणं. आणि पैसे काय थोडे नाहीत, जेआरएफचे (पीएचडी करणाऱ्यांची फेलोशिप) महिन्याचे ३७,००० येतात तेवढ्यात एक किट बसत नाही, वरून जीएसटी आणि बर्फाच्या पॅकिंगचे वेगळे.

डब्यात काय येतं ते सांगते. ९६ खड्ड्यांची प्लेट, आठ-आठच्या बारा पट्ट्या, पट्ट्या सुट्या निघतात ही मोठी सोय, सगळी प्लेट एकदम लावायची सक्ती नाही. मग स्टँडर्डच्या कुप्या (यात हार्मोन किती ते माहीत असतं), किट बरोबर चाललंय का ते तपासायच्या कंट्रोलच्या कुप्या, कॉन्जुगेट म्हणजे एन्झाइम लावलेलं हार्मोन, धुवायचा वॉश बफर, रंग आणणारं टीएमबी आणि रंग थांबवणारं स्टॉप सोल्युशन. सगळं डुप्लिकेटमध्ये, म्हणजे प्रत्येकी दोन खड्ड्यांत, लावलं की स्टँडर्ड, ब्लँक आणि कंट्रोल जाऊन आपल्या सॅम्पलसाठी उरतात जेमतेम ३८-४० जागा, त्यामुळं ९६ सॅम्पल होतील असं समजून ॲनिमल मागवू नका, गणित आधी करा.

चालतं कसं तर हे कॉम्पिटिटिव्ह इलायझा आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं समजा, प्लेटवर अँटिबॉडीच्या जागा ठरलेल्या, एकीकडून तुमच्या रॅटचं कॉर्टिकोस्टेरॉन येतं, दुसरीकडून कंपनीनं एन्झाइम लावून पाठवलेलं, ज्याचे रुमाल जास्त त्याच्या जागा जास्त. रंग फक्त कंपनीवाल्यामुळं येतो. म्हणून ज्या खड्ड्यात रंग फिका त्यात हार्मोन जास्त. नवीन पोरं इथंच गोंधळतात, गडद दिसलं की "ताई हा रॅट लई स्ट्रेसमध्ये होता" म्हणतात, उलटं असतंय बाबांनो. टीएमबी टाकलं की निळा होतो, स्टॉप सोल्युशन टाकलं की क्षणात पिवळा, आणि मग ४५० नॅनोमीटरला रीडिंग. या किटमध्ये निळा रंग सावकाश आणि एकसारखा चढतो, घाई होत नाही, हे मला फार आवडलं, आधी लॅबमध्ये दुसऱ्या एका कंपनीचं होतं त्यात पहिल्या पट्टीला टीएमबी टाकून शेवटच्या पट्टीपर्यंत जाईपर्यंत पहिली पट्टी गडद होऊन बसायची.

आणखी एक चांगली गोष्ट, यात डिस्प्लेसमेंट रिएजंट दिलेलं आहे. रक्तातलं बरंचसं कॉर्टिकोस्टेरॉन सीबीजी नावाच्या प्रोटीनला चिकटून फिरत असतं, ते सोडवलं नाही तर आकडा कमी येतो. काही स्वस्त किटमध्ये हे नसतं, मग तुम्ही आधी इथाइल ॲसिटेटनं एक्स्ट्रॅक्शन करा, वाळवा, परत विरघळवा, दिवस गेला. सीरम लागतं पण थोडंच, काही मायक्रोलिटर, म्हणजे शेपटीच्या टोकाला छोटा छेद देऊन घेतलेल्या रक्तात भागतं, प्रत्येक वेळी जनावर मारायची गरज नाही. आयएईसीला (प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी संस्थेची समिती) प्रपोजल देताना हे ठळक लिहा, मेंबर लोकांना बरं वाटतं आणि खरंच बरं आहे ते.

स्टँडर्डच्या रीडिंगवरून जो कर्व्ह काढतो त्याबद्दल एकच सांगते, एक्सेलमध्ये सरळ रेघ मारू नका. फोर पॅरामीटरचा (एस आकाराचा) कर्व्ह टाका, फुकट सॉफ्टवेअर मिळतात. आणि स्ट्रेस दिलेल्या रॅटचं सीरम नीट डायल्यूट करा, कारण सकाळी निवांत बसलेल्या नर रॅटमध्ये आकडा मिलिलिटरमागं काही दहा नॅनोग्रॅमच्या घरात असतो आणि अर्धा तास रिस्ट्रेनरमध्ये, म्हणजे हलता येणार नाही अशा नळीत, अडकवला की काही शेकड्यांत जातो, तो कर्व्हच्या बाहेर पडतो. माद्यांमध्ये एकूणच जास्त असतं, नर-मादी एकाच ग्रुपमध्ये घालून सरासरी काढली तर त्या सरासरीला काही अर्थ राहत नाही.

आता उन्हाळा. पत्रकात लिहिलंय रूम टेंपरेचर, २० ते २५ डिग्री. एप्रिलमध्ये आमच्या लॅबमध्ये दुपारी पस्तीसच्या वर असतं आणि त्यात लाइट गेली की संपलंच. गरम खोलीत लावली की कडेचे खड्डे आधी तापतात, मधले मागं राहतात, आणि मग एकाच सॅम्पलचे दोन खड्डे दोन तोंडाला. एसी रूम मिळवा, कुणाच्या हातापाया पडा पण मिळवा, नाहीतर सकाळी सातला येऊन लावा. आम्ही बायोटेकवाल्यांच्या एसी खोलीत लावतो आणि बदल्यात त्यांना वडापाव.

किटचा प्रामाणिकपणा किती आहे ते मला गणपतीत कळलं. आमचं ॲनिमल हाउस रस्त्याच्या बाजूला आहे आणि कोल्हापुरातलं विसर्जन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, डॉल्बी लागला की खिडकीच्या काचा पण नाचतात. त्या आठवड्यात घेतलेल्या कंट्रोल ग्रुपचे आकडे, ज्यांना आम्ही काहीही केलेलं नव्हतं त्यांचे, बाकीच्या कंट्रोलपेक्षा कितीतरी वर. मॅडम म्हणाल्या किट खराब आहे, परत लाव. परत लावलं, तेच आलं, कंट्रोलच्या कुप्या अगदी दिलेल्या रेंजमध्ये. किट बरोबर होतं, रॅटनीच डॉल्बी ऐकला होता. ती सगळी बॅच डेटामधून काढली आणि आता आमच्याकडं गणपती आणि शिवजयंतीला सॅम्पलिंग बंद, कॅलेंडरमध्येच लिहून टाकलंय.

हे किट इतकं सेन्सिटिव्ह असल्यामुळं सॅम्पल घेणाऱ्याची शिस्त मात्र लागते. पिंजऱ्याला हात लावल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत रक्त घेतलं तरच ते आधीच्या निवांतपणाचं रक्त, नंतर घेतलं की तुम्ही तुमच्या हाताचाच स्ट्रेस मोजताय. आमचे ॲनिमल हाउसचे मामा सकाळी स्टीलची बादली घेऊन येतात, ती बादली फरशीवर आपटली की दाराजवळचे पिंजरे गेले. मामांना एकदा ग्राफ दाखवला, तेव्हापासून प्लास्टिकची बादली. आणि हो, २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या ग्रुपनं दाखवलं होतं की पुरुष संशोधकाच्या नुसत्या वासानं रॅट-माईसना स्ट्रेस येतो, बाईच्या वासानं तसा येत नाही. हे मी लॅबमध्ये प्रिंट काढून चिकटवलंय, पोरं चिडतात.

वेळ पण सांभाळा. रॅट रात्रीचं जनावर आहे, त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन संध्याकाळी दिवे बंद व्हायच्या सुमाराला सगळ्यात वर आणि सकाळी खाली असतं, आपल्या बरोबर उलट. अर्धे रॅट सकाळी दहाला आणि उरलेले चहा घेऊन आल्यावर पाचला केले तर तुमचा औषधाचा इफेक्ट नुसता घड्याळाचा इफेक्ट असू शकतो.

आता मुद्द्याचं, या किटचा खरा उपयोग कुठं आहे. आमचं काम ॲड्रिनलचं हार्मोन मेंदूतल्या स्ट्रेसच्या पेप्टाइडना (छोट्या प्रोटीनसारखे निरोप नेणारे रेणू) कसं वर-खाली करतं यावर आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये पॅराव्हेंट्रिक्युलर न्यूक्लियस म्हणून एक छोटासा भाग आहे, सगळे पीव्हीएन म्हणतात, तिथल्या पेशी सीआरएच बनवतात. हे ४१ अमिनो ॲसिडचं पेप्टाइड, १९८१ मध्ये व्हेल यांच्या ग्रुपनं मेंढीच्या हायपोथॅलॅमसमधून ओळखून काढलं. सीआरएच मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला हलवतं, पिट्युटरी एसीटीएच हे हार्मोन सोडते, त्यानं ॲड्रिनल कॉर्टिकोस्टेरॉन सोडते, आणि ते कॉर्टिकोस्टेरॉन परत मेंदूत जाऊन पीव्हीएनला म्हणतं बास आता. हे बास म्हणणारं कोण आहे ते बघायचं तर ॲड्रिनल काढून बघायच्या. दोन्ही ॲड्रिनल काढल्या की पीव्हीएनमध्ये सीआरएचचा एमआरएनए (ते पेप्टाइड बनवायचा पेशीतला निरोप) चढतो, आणि मजा म्हणजे त्याच पेशींमध्ये एरवी जेमतेम असलेलं व्हॅसोप्रेसिन हे दुसरं पेप्टाइड पण भरभरून दिसायला लागतं. वरून कॉर्टिकोस्टेरॉन परत दिलं, गोळी रोपून किंवा पिण्याच्या पाण्यातून, की दोन्ही खाली येतात.

पण यात एक गोम आहे. ॲड्रिनल काढल्या असं आपण म्हणतो, खरंच पूर्ण निघाल्या का? तुकडा राहू शकतो, कधी कधी आसपास ॲड्रिनलचा जास्तीचा टिश्यू पण असतो, आणि तेवढ्या तुकड्यातून पण हार्मोन येत राहतं. शरीरात मीठ धरून ठेवणारं आल्डोस्टेरॉन हे ॲड्रिनलचंच हार्मोन गेलेलं असतं म्हणून या रॅटना पाण्याऐवजी ०.९ टक्के मिठाचं पाणी द्यावं लागतं, ते पिऊन जनावर दिसायला टुणटुणीत असतं, बघून काही कळत नाही. इथं हे किट सोनं आहे. एका बॅचमध्ये सगळे रॅट सारखेच दिसत होते, किटमध्ये दोघांचं कॉर्टिकोस्टेरॉन चक्क नॉर्मलच्या जवळ निघालं, बाकीच्यांचं डिटेक्शन लिमिटच्या खाली. ते दोघं मेंदूच्या डेटात गेले असते तर सीआरएचच्या ग्राफचे एरर बार छताला लागले असते. म्हणून किट घेताना खालची लिमिट किती ते आधी विचारा, वरची नाही, वरच्याला डायल्यूशन आहे, खालच्याला काही इलाज नाही.

आणि आता हे किट जे करू शकत नाही ते. यात किटचा दोष नाही, पण आपल्या भागातल्या थिसिसमध्ये जे चालतं ते बघून राहवत नाही. अश्वगंधेचा नाहीतर तुळशीचा अर्क दिला, रॅटला स्ट्रेस दिला, शेवटी एकदा कॉर्टिकोस्टेरॉन मोजलं, कमी आलं, लिहिलं "अँटिस्ट्रेस ॲक्टिव्हिटी सिद्ध". अहो कसली सिद्ध. रोज तोच तोच रिस्ट्रेंट दिला तर रॅट त्याला सरावतो आणि काही दिवसांनी औषध न देता पण कॉर्टिकोस्टेरॉन पहिल्यासारखं चढत नाही. मेंदूत मात्र त्या वेळी काय चाललंय ते रक्ताच्या आकड्यावरून कळत नाही.

त्यातून पीव्हीएनची गोष्ट सगळ्या मेंदूला लागू नाही. अमिग्डालाच्या सेंट्रल न्यूक्लियसमध्ये पण सीआरएच बनतं, भीती-काळजीशी जोडलेला भाग हा, आणि तिथं कॉर्टिकोस्टेरॉन दिलं की सीआरएच कमी होत नाही, वाढतं. नव्वदच्या दशकात हे रॅटमध्ये नीट दाखवलं गेलं. तेच हार्मोन, तेच पेप्टाइड, एकाच कवटीत, आणि परिणाम उलटा. आर्क्युएट न्यूक्लियसमध्ये एनपीवाय म्हणजे भुकेचं पेप्टाइड, ते पण हे हार्मोन वाढवतं, आणि ॲड्रिनल काढलेले रॅट खातात कमी. मला हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा इतका आवडला की विषयच बदलून घेतला. तर रक्तातला एकच आकडा बघून मेंदूतली पेप्टाइड वर आहेत की खाली हे कसं सांगणार, कुठल्या भागातली ते आधी सांगावं लागेल, आणि त्यासाठी मेंदूचे काप करून इन सिटू (कापावरच एमआरएनए कुठं आहे ते बघणं) नाहीतर त्या भागाचा छोटा पंच म्हणजे तुकडा काढून क्यूपीसीआर (एमआरएनए मोजणं) करायला लागतं, ते या डब्यात मिळत नाही.

आकड्याचा अर्थ पण सरळ नाही. १९६८ मध्ये मॅकइवेन यांच्या ग्रुपनं दाखवलं की कॉर्टिकोस्टेरॉन हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागात, जाऊन धरून बसतं, आणि १९८५ मध्ये रॉइल आणि डी क्लोएट यांनी दाखवलं की तिथं हे हार्मोन पकडणारे दोन प्रकारचे रिसेप्टर आहेत, एमआर (मिनरलोकॉर्टिकॉइड) आणि जीआर (ग्लुकोकॉर्टिकॉइड), त्यातला एमआर हा जीआरपेक्षा साधारण दहापट घट्ट पकडतो. म्हणून सकाळच्या कमी पातळीलाच एमआर बराचसा भरलेला असतो, जीआर भरायला संध्याकाळची चढण किंवा स्ट्रेस लागतो. म्हणजे ३० चे ३०० झाले याचा अर्थ नुसतं दहापट जास्त असा नाही, आता दुसराच रिसेप्टर कामाला लागलाय असा आहे. व्हायव्हाला हे विचारतात, लिहून ठेवा.

लेंड्यांमधलं हार्मोन या किटनं मोजता येईल का असं एकीनं विचारलंय. लेंड्यांमध्ये मुख्यतः मेटाबोलाइट असतात, मूळ कॉर्टिकोस्टेरॉन फारसं नाही, आणि या किटची अँटिबॉडी मूळ रेणू ओळखायला बनवलेली आहे. त्यासाठीची वेगळी किट येतात, ती बघा. आणि आमच्या काकींनी पण विचारलं होतं की माझं टेन्शन मोज की त्यात, काकी, ते उंदराचं आहे.

आता तक्रार. किट पुण्याहून निघालं शुक्रवारी, मे महिना, आणि कुरिअरवाल्यानं ते शनिवार-रविवार गोडाउनमध्ये ठेवलं. सोमवारी मी स्वतः जाऊन आणलं तेव्हा जेल पॅक पाणी होऊन लिबलिबत होते आणि डबा हाताला कोमट. कंपनीला फोटो पाठवले तर पहिलं उत्तर, "मॅडम, दोन दिवस बाहेर राहिलं तर काही होत नाही." बरं, मग डब्यावर २ ते ८ डिग्री कशाला छापलंय? नंतर म्हणाले आधी वापरून बघा, खराब निघालं तर बदलून देऊ, म्हणजे माझे सॅम्पल घालवून बघायचं, जे परत मिळणार नाहीत. दहा फोन आणि सरांची एक कडक मेल गेल्यावर कॉन्जुगेट आणि स्टँडर्ड नवीन पाठवले, ते मात्र थर्मोकोलच्या चांगल्या खोक्यात आणि बर्फ न वितळता आले. म्हणजे जमतं यांना, मागं लागावं लागतं एवढंच. बदललेला माल व्यवस्थित चालला, डुप्लिकेटमधला फरक कमी, स्टँडर्ड कर्व्ह सुंदर, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

मागवताना एवढं करा. डिस्पॅच सोमवारी किंवा मंगळवारीच करायला सांगा आणि ते मेलवर लिहून घ्या, फोनवरचं कुणी लक्षात ठेवत नाही. पावसाळ्यात पंचगंगा चढली आणि शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं की पुण्याकडून काहीच येत नाही, २०१९ आणि २०२१ ला तेच झालं होतं, त्यामुळं जुलै-ऑगस्टचं किट जूनमध्येच आणून फ्रिजमध्ये ठेवा, एक्सपायरी बघून. घरपोच डिलिव्हरीच्या नादाला न लागता कुरिअर ऑफिसवरून स्वतः उचला. दोन किट लागणार असतील तर एकाच लॉटची एकदम घ्या, लॉट बदलला की कर्व्ह थोडा हलतो आणि मग पहिल्या प्लेटचे कंट्रोल आणि दुसऱ्या प्लेटचे स्ट्रेसवाले यांची तुलना करताना गाइड नको ते प्रश्न विचारतात. आम्ही प्रत्येक प्लेटवर जुन्या सीरमचा एकच पूल लावतो, त्यावरून प्लेटा जुळतात की नाही ते कळतं.

पुढची ऑर्डर गेलीय, यावेळी लॉट नंबर आधीच मागून घेतलाय. बर्फासकट आलं तर तो कापलेला स्टार परत देईन.